सूट नंबर एक

२००७ साली मी ऑनसाइट होतो, न्यूजर्सीत. नवीन लग्न झालेलं, बायको एच-४ व्हिसावर दिवसभर घरात बसून वैतागलेली. लग्नाचा पहिला वाढदिवस जवळ आला तेव्हा टीममधल्या एका अमेरिकन बाईंनी न विचारता सल्ला दिला, की केप मेला जा, एखाद्या व्हिक्टोरियन बेड अँड ब्रेकफास्टमध्ये दोन रात्री राहा, बायको जन्मभर नाव घेईल. दर बघून पोटात गोळा आला, पण गेलो.

केप मे म्हणजे न्यूजर्सीचं अगदी दक्षिणेचं टोक. समुद्रकिनारा आणि लाकडी नक्षीकामानं मढलेली शेकडो जुनी घरं. आमच्या खोलीत चार खांबांचा पलंग, लेसचे पडदे, फुलाफुलांचा वॉलपेपर, वाघनखांसारख्या पायांचा टब. (आणि टबला चक्क जॅकुझी! व्हिक्टोरिया राणीला कळलं असतं तर तिनं काय केलं असतं कोण जाणे :) ) खोलीला नंबर नव्हता, एका बाईचं नाव होतं. सकाळी नाश्त्याला घरमालकीण स्वतः वाढायला आली आणि घराचा इतिहास सांगत बसली. बायको भलतीच खूश.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "आपल्याकडे असं काही नाही ना रे? म्हणजे इतकं जुनं, आणि तरी राहता येईल असं?"

मी म्हटलं, आहे की. आमच्या गोंदिया जिल्ह्यातच आहे. माझे बाबा त्याच्याच मागच्या खोलीत जन्मले.

ती हसली. तिला वाटलं, मी नेहमीसारखा फेकतोय. त्यानंतर तिला प्रत्यक्ष तिथे घेऊन जायला मला पंधरा वर्षं लागली. त्या दोन खोल्यांचा, केप मेच्या आणि आमच्याकडच्या, मी अधूनमधून विचार करत आलो. या वीकांताला तो एकदाचा लिहून टाकतो.

आधी केप मेचं बघू. १८७८ साली तिथे मोठी आग लागली आणि गावाचा बराच भाग जळाला. नंतर जे नवीन बांधलं ते त्या काळच्या फॅशनप्रमाणे, म्हणून गाव असं एकसारखं दिसतं. पुढे फॅशन बदलली, श्रीमंत मंडळी दुसरीकडे जाऊ लागली, आणि ही अवाढव्य घरं मालकांच्या गळ्यात लोढण्यासारखी राहिली. १९६२ च्या वादळानं उरलीसुरली कंबर मोडली. घरं पाडून मोटेलं बांधायची भाषा सुरू झाली. मग काही लोक जागे झाले, जुनी घरं वाचवण्याची चळवळ झाली आणि १९७६ मध्ये अख्ख्या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. पण नुसत्या दर्जानं छप्पर दुरुस्त होत नाही. दहा-बारा खोल्यांचं घर सांभाळायचं तर खोल्या भाड्यानं देणं हाच मार्ग होता. अशी ती रोमँटिक खोली जन्माला आली. थोडक्यात काय, तर ती व्हिक्टोरियाच्या काळातली नाहीच, ती साधारण १९७० नंतरची आहे.

खऱ्या व्हिक्टोरियन काळात त्या खोलीत काय होतं? नळ बहुधा नव्हता. टेबलावर पाण्याचा जग आणि पसरट भांडं, पलंगाखाली दुसरं भांडं. शेकोटीत कोळसा. हिरवा वॉलपेपर असेल तर त्या हिरव्या रंगात आर्सेनिक असण्याची शक्यता बरीच. (हे खरंय. त्या काळात आर्सेनिकचा हिरवा रंग सर्रास वापरत आणि त्यावरून डॉक्टरांनी आरडाओरडाही केला होता.) म्हणजे कुणीतरी पहाटे उठून कोळसा वर आणायचा, राख खाली न्यायची, गरम पाणी वर आणायचं, घाण पाणी आणि ते पलंगाखालचं भांडं खाली न्यायचं. हे 'कुणीतरी' म्हणजे मोलकरीण. एकट्या ब्रिटनमध्ये त्या शतकाच्या अखेरीस दहा लाखांहून जास्त बायका घरकामाच्या नोकरीत होत्या. बायकांसाठी त्याहून मोठा दुसरा रोजगार नव्हता.

आमच्या केप मेच्या खोलीत पलंग होता, टब होता, लेस होती. ही बाई तेवढी नव्हती. तिची जागा गीझर, एसी आणि फ्लशनं घेतली होती. ती गेली म्हणूनच ती खोली दोघांची झाली. हे मला तेव्हा कळलं नाही, बऱ्याच वर्षांनी कळलं.

आता गोंदियाकडे वळू. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली तेव्हा हा सगळा मुलूख नागपूरच्या भोसल्यांचा. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, औरस वारस नव्हता, म्हणून डलहौसीनं १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि लवकरच रिचर्ड टेंपल नावाचे उत्साही गृहस्थ चीफ कमिशनर म्हणून नागपुरात आले. त्यांच्या अमलात सगळ्यात मोठी बोंब होती रस्त्यांची. मुंबईहून रेल्वे नागपूरला आली १८६७ मध्ये. त्यापुढे रायपूरकडे जायचं तर जंगलातून, धानाच्या बांध्यांतून, बैलगाडीनं नाहीतर घोड्यावर. त्या वाटेचाच पुढे ग्रेट ईस्टर्न रोड झाला. आपण ज्याला वर्षानुवर्षं मुंबई-कलकत्ता रोड म्हटलं, तेव्हाचा ६ नंबर, आताचा ५३ नंबर हायवे, तो हाच. आमच्याकडे अर्जुनी नावाची दोन तालुक्यांची गावं आहेत. एक अर्जुनी मोरगाव आणि दुसरी सडक अर्जुनी. दुसरीच्या नावात जी सडक आहे ती हीच. गावाच्या नावात घुसण्याइतकी त्या रस्त्याची मातब्बरी होती.

अशा रस्त्यांवर गोऱ्या साहेबांनी रात्री उतरायचं कुठे? त्यावरचं उत्तर म्हणजे डाक बंगला. डाक म्हणजे टपाल, आणि बंगला म्हणजे बंगाली पद्धतीचं घर. हा शब्द आपल्याकडून इंग्रजीत गेला आणि श्रीमंत होऊन परत आला. १८४० च्या दशकापासून कंपनी सरकारनं मुख्य रस्त्यांवर टप्प्याटप्प्यानं असे बंगले बांधायला घेतले. नकाशा जवळजवळ ठरलेला. उंच जोतं, समोर रुंद व्हरांडा, मध्ये भिंत आणि दोन्ही बाजूंना एकेक सूट: म्हणजे झोपायची खोली आणि तिला लागून न्हाणीघर. छत उंच, वर छोट्या खिडक्या, गरम हवा निघून जायला. छपरावर गवत, नाहीतर आमच्याकडे कवेलू. स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून लांब, मागे. धूर, वास आणि आग तिन्ही साहेबापासून दूर राहावीत म्हणून. आणि त्याच्याही मागे नोकरांच्या खोल्या.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हे एकदा लिहिलेलं टेम्पलेट होतं, पेशावरपासून मद्रासपर्यंत थोड्याफार फरकानं डिप्लॉय केलेलं :)

नियमही मजेदार होते. दिवसाचं भाडं साधारण एक रुपया. चोवीस तासांपेक्षा जास्त राहिलात आणि दुसरा प्रवासी आला, तर त्याला जागा करून द्यायची. एक रजिस्टर. त्यात नाव, हुद्दा, कधी आलात, कधी गेलात, काही तक्रार असेल तर तीही लिहायची. जेवणात हमखास कोंबडी. प्रवासी दिसला रे दिसला, की खानसामा अंगणात कोंबडीमागे धावायचा आणि थोड्या वेळात तीच कोंबडी ताटात. या पदार्थाला साहेबलोक 'सडन डेथ' म्हणत. १८८६ मध्ये निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याची रीतसर नोंद आहे! आपले हिंदुस्थानी प्रवासी मात्र बहुतेक धर्मशाळेत, सराईत नाहीतर आंब्याखाली गाडी सोडून उतरत.

आणि त्या खोलीत रोमँटिक असं काय होतं? नवारीचा पलंग. मच्छरदाणी. लांब हातांची आरामखुर्ची. आढ्याला टांगलेला कापडी पंखा, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात, आणि दोरीच्या टोकाला पंखेवाला. उन्हाळ्यात तो रात्रभर ओढायचा. त्याला डुलकी लागली की आतला साहेब घामानं जागा व्हायचा आणि शिव्या द्यायचा. न्हाणीघरातली कमोडची खुर्ची मेहतर मागच्या छोट्या दारानं साफ करायचा, त्यासाठी ते दार वेगळंच ठेवलेलं. लंडनच्या घरात मोलकरीण निदान मागच्या जिन्यानं ये-जा करायची, दिसायची नाही. आमच्याकडे ती लपवाछपवीसुद्धा नव्हती. काम करणारा माणूस भिंतीच्या पलीकडे हातभर अंतरावर बसलेला, आणि तो तिथे नाही असं समजायची सवय आतल्याला झालेली.

पुढे रेल्वे आली. १८८० च्या दशकात आधी नागपूर-छत्तीसगड ही मीटर गेज आली, मग १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनं ती घेऊन ब्रॉड गेज केली. १९०३ मध्ये गोंदियाहून नैनपूरकडे छोटी लाइन सुरू झाली आणि गोंदिया जंक्शन झालं. लांबचा प्रवासी आता आगगाडीनं जाऊ लागला. डाक बंगल्याचं मूळ काम संपलं. पण सरकारी बंगले सहसा मरत नाहीत, त्यांचं नुसतं नाव बदलतं. डाक बंगल्याचा इन्स्पेक्शन बंगला झाला. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं 'आयबी' म्हणतात. जंगल खात्यानंही आपली वेगळी विश्रामगृहं बांधली. हिवाळ्यात साहेबाचा दौरा निघायचा आणि एकेका मजलीवर मुक्काम पडायचा.

दौरा म्हटला की बिगार आली. सामान वाहायला माणसं, गाड्या, बैल, दूध, कोंबड्या, अंडी, गवत, सरपण, सगळं आसपासच्या गावांनी पुरवायचं. पैसे कधी मिळायचे, कधी नाही, कधी मधल्या शिपायाच्या खिशात जायचे. आज आपण बांधकामावरच्या मजुराला सहज 'बिगारी' म्हणतो. त्या शब्दाचा मूळ अर्थ, ज्याला मजुरी मिळत नाही तो. वेठबिगारी मोडून काढणारा खास कायदा यायला १९७६ साल उजाडलं. शब्द मात्र तसाच राहिला, फक्त त्यातला डंख आपल्याला जाणवेनासा झाला.

मग या बंगल्यांभोवती रोमान्स कधी गोळा झाला? मला वाटतं, लिहिणाऱ्यांनी तो आणला. रडयार्ड किपलिंगची १८८८ मधली एक भुताची गोष्ट आहे. डाक बंगल्यात मुक्कामाला उतरलेल्या माणसाला रात्री शेजारच्या खोलीतून बिलियर्डच्या चेंडूंचे आवाज येतात. सकाळी खानसामा सांगतो, की पूर्वी रेल्वे बांधणारे साहेब इथे खरंच बिलियर्ड खेळायचे. झालं, गडी खूश, आपल्याला अस्सल भूत मिळालं! आणि मग कळतं, की आवाज उंदराचा आणि खिडकीच्या सैल खिट्टीचा होता. म्हणजे भूत बंगल्यात नव्हतंच, पाहुणा बरोबर घेऊन आला होता. रोमान्सचंही तसंच असावं.

मराठीत हे काम व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी केलं, तेही नेमकं आमच्याच जिल्ह्यात. माडगूळकरांचं 'नागझिरा' आणि चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' वाचून पुण्या-मुंबईच्या किती माणसांनी आमच्या जंगलाची वाट धरली असेल! नागझिऱ्याचं विश्रामगृह, समोर तळं, वीज नाही, रात्री कंदील. या पुस्तकांनी शहरातल्या मराठी माणसाच्या मनात त्या खोलीचं एक घर करून ठेवलं. ती माझीही आवडती पुस्तकं आहेत, आणि त्यांत निदान जंगलात राहणारी, जंगल जाणणारी माणसं नीट दिसतात. आपण पर्यटक म्हणून जातो तेव्हा ती माणसं गाळतो आणि कंदील ठेवतो.

ही गाळागाळ सगळ्यात नेमकी कुणी दाखवली असेल तर ती सत्यजित राय यांनी. 'अरण्येर दिनरात्रि', १९७०. कलकत्त्याचे चार तरुण पलामूच्या जंगलात जातात, बुकिंग नसताना चौकीदाराला पैसे चारून बंगला मिळवतात. मजा, दारू, शेजारच्या बंगल्यातल्या सुशिक्षित मुली. चौकीदाराची बायको आजारी आहे हे त्यांच्या कानावर आलेलं असतं. पण ती किती आजारी आहे हे बघायला कुणी जात नाही. शेवटी त्या मुलींपैकी एक त्यांच्यातल्या एकाला ते दाखवते. मिनिटभराचा प्रसंग असेल. मी तो सिनेमा हॉस्टेलवर पाहिला तेव्हा बाकीच्यांना तो प्रसंग आठवतही नव्हता. मला दुसरं काही आठवत नव्हतं.

कारण माझी आजी चौकीदाराची बायको होती.

आजोबा १९५० च्या सुमारास त्या रस्त्यावरच्या एका सरकारी बंगल्यावर चौकीदार लागले. कुठलं खातं आणि कुठलं गाव ते मुद्दाम लिहीत नाही. लोक त्याला 'राणीच्या टाइमचा बंगला' म्हणत. आजोबा होते तिथेच राहिले आणि फाटकावरच्या पाटीतलं सरकार तेवढं बदलत गेलं. आधी मध्य प्रदेश, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. पाणी मात्र त्याच विहिरीचं, आणि ते काढायची आजी. पगार एक, काम दोघांचं. आजोबा हजेरीपटावर होते. खोल्या झाडणं, चादरी धुणं, कंदिलाच्या काचा पुसणं, मसाला वाटणं, भाकरी, पाणी हे आजीचं, आणि ते कुठल्याच कागदावर नव्हतं. एखादी साहेबीण जाताना चार-आठ आणे हातावर ठेवी, तेवढंच.

मागच्या क्वार्टरमध्ये एक खोली आणि एक पडवी. दोघं, चार मुलं आणि आजोबांची आई. आता मला सांगा, यात नवरा-बायकोची खोली कुठली? तसं बघायला गेलं तर आपल्याकडे बड्या घरांतही ती होतीच असं नाही. बायका माजघरात, पुरुष ओसरीवर. रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाचल्या तर लक्षात येतं, की नवऱ्यानं बायकोला वेळ देऊन चार अक्षरं शिकवली तरी घरातल्या बायकांच्या भुवया वर जायच्या. आणि हे न्यायाधीशाच्या घरात, ऐन व्हिक्टोरियाच्या राज्यात. 'मधुचंद्र' हा शब्दसुद्धा आपण इंग्रजी हनीमूनवरून बेतून घेतला. शब्द आधी आला, खोली नंतर.

तर २०२२ च्या डिसेंबरात आम्ही गेलो. ओळखीतून एका रात्रीची दोन्ही सुटांची परवानगी मिळाली. मी, बायको आणि आई-बाबा. बाबा गोंदियाला शिक्षक होते, आता निवृत्त, तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. यायला आढेवेढे घेत होते. कार बंगल्यासमोर थांबली. आम्ही व्हरांड्याच्या पायऱ्या चढायला लागलो तर बाबा गायब. शोधलं तर ते बंगल्याला वळसा घालून मागे, जुन्या स्वयंपाकघराच्या दारात उभे.

"अहो बाबा, पुढून या ना," बायको म्हणाली.

"तिकडून कायले?" बाबा बोलून गेले. एरवी ते पुस्तकी मराठी बोलतात, तिथे मात्र झाडीबोली आपोआप तोंडात आली. मग स्वतःच हसले आणि पुढून आले.

बंगला बराचसा तसाच आहे. कवेलू जाऊन पत्रे आलेत, पंख्याच्या दोरीचं भोक सिमेंटनं बुजवलंय पण खूण दिसते, न्हाणीघरात टाइल्स आणि गीझर. मागच्या बाजूचं ते छोटं दार भिंतीत चिणून टाकलंय. सूट नंबर एकला आता व्हीआयपी म्हणतात. त्यात आई-बाबांना झोपवलं आणि आम्ही दोन नंबरमध्ये. बायकोच्या डोक्यात अर्थात केप मे होतं, तिनं खोलीचे फोटो काढले आणि म्हणाली, एक लेसचा पडदा लावला आणि दर दहापट केला, की झालं!

रात्री जेवून आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. थंडी मस्त पडली होती. तिथली लांब हातांची आरामखुर्ची बघून बाबांनी विचारलं, ही जुनीच का रे? मला काय माहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही.

बाबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. श्रावण-भादव्यातली झड. दोन्हीकडचे नाले भरून वाहत होते, रस्ता बंद, म्हणजे कुठलाही साहेब येणं शक्य नव्हतं. क्वार्टरचं छप्पर इतकं गळायला लागलं, की खोलीत पाणी साचलं. तेव्हा आजोबांनी किल्ल्या आणल्या आणि सूट नंबर एक उघडला. मुलांना खाली दरी टाकून झोपवलं. पलंगाला हात लावायचा नाही अशी ताकीद. बाबांना झोप येईना. ते दाराशी आले तर आजोबांनी आरामखुर्ची व्हरांड्यात ओढली होती आणि तीत आजी बसलेली. संकोचून, अगदी टोकाला, पाय खाली सोडून. आणि आजोबा साहेबाच्या किटलीतून साहेबाच्या कपात, बशीसकट, तिला चहा देत होते. इतकी वर्षं हजारो कप साहेबलोकांना दिलेला माणूस. ती घेत नव्हती, तो आग्रह करत होता. दोघं हळू आवाजात हसत होती.

"मी मायले असं हसताना पाहिलंच नव्हतं," बाबा म्हणाले.

पहाटे आजीनं कपबशी धुवून, पुसून कपाटात होती तशी ठेवली. खुर्ची जागेवर. लादी पुसली. आजोबांनी कुलूप लावलं आणि बाबांना म्हणाले, शाळेत बोलू नको, नोकरी जाईल. बाबा बोलले नाहीत. साठ-बासष्ट वर्षं.

आम्ही कुणीच काही बोललो नाही. आई उठून आत गेली. थोड्या वेळानं बायकोनं मला हळूच विचारलं, की आताच्या चौकीदाराची बायको जेवण करून गेली, तिला पगार कोण देतं? मी सकाळी चौकशी केली. चौकीदार कंत्राटी, त्याचा पगार ठरलेला. ती? ती 'मदत करते'.

आता यावर एखादा चमकदार निष्कर्ष मला लिहिता येत नाही. जुने बंगले टिकावेत असंच मला वाटतं. केप मेची घरं खोल्या भाड्यानं देऊनच वाचली, आमचे बंगलेही तसे वाचले तर चांगलंच आहे. हल्ली जिकडेतिकडे 'ब्रिटिशकालीन बंगल्यात रोमँटिक मुक्काम' अशा जाहिराती दिसतात. जा, खुशाल जा. फक्त खोली बघून झाली, की एकदा मागे जाऊन स्वयंपाकघरही बघा. चादर कोण धुतं, पाणी कोण भरतं आणि त्याचा पगार किती जणांना मिळतो, एवढं विचारा. विचारल्यानं मुक्कामाची मजा कमी होत नाही, हा स्वानुभव. आम्ही निघताना त्या बाईंच्या हातात वेगळे पैसे ठेवले. मेहेरबानी नव्हे, कामाचे, हिशेब करून. त्यांनी दोनदा नाही म्हटलं आणि मग घेतले.

निघण्याआधी रजिस्टर आलं. अजून तसंच, लांबलचक. नाव, हुद्दा, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, कामाचं स्वरूप, शेरा. बाबांनी चष्मा लावला आणि स्वतः लिहायला बसले. हुद्द्यासमोर 'सेवानिवृत्त शिक्षक'. कामाच्या स्वरूपासमोर थोडा विचार करून 'खाजगी'. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या त्या वळणदार अक्षरात 'स्वयंपाक व स्वच्छता उत्तम', आणि पुढे त्यांनी त्या बाईंना हाक मारून पूर्ण नाव विचारलं. त्या लाजल्या, म्हणाल्या, "माझं कायले?" बाबांनी शाळामास्तरी आवाजात पुन्हा विचारलं. मग त्यांनी सांगितलं, आणि बाबांनी लिहिलं. आधी त्यांचं, मग त्यांच्या नवऱ्याचं.

त्याखाली 'तक्रार असल्यास' असा एक रकाना होता. तिथे बाबांनी लिहिलं, 'डास फार आहेत.'